एक्स-रेत न दिसलेला मुतखडा: एका डाल्मेशियनचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरीजवळ राहणाऱ्या एका कुटुंबाच्या नर डाल्मेशियनचं आहे. कोल्हापुरातल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात तो आला तेव्हा त्याची लघवी पूर्ण अडलेली होती. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुत्र्याला ब्रूनो म्हणतो आहे. लिहिण्याचं कारण असं की ब्रूनोचा आजार त्याच्या एकट्याचा नव्हता. जो दोष घेऊन तो जन्मला, तो शुद्ध वंशाच्या प्रत्येक डाल्मेशियनमध्ये असतो, आणि पिल्लू घरी नेताना ही गोष्ट जवळजवळ कुणालाच सांगितली जात नाही.

पार्श्वभूमी

ब्रूनो त्या वेळी साडेतीन वर्षांचा होता, वजन २८ किलो. दोन महिन्यांचा असताना केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदांसह घेतलेला, लसी वेळच्या वेळी दिलेल्या, अंगण मोठं, व्यायाम भरपूर. घरात आजोबा, काका-काकू आणि कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी. सगळ्यांचा जीव त्याच्यावर.

खाण्यात कुठेही हयगय नव्हती. किनाऱ्यावरचं घर, त्यामुळे तारली आणि मांदेली स्वस्त आणि ताजी. रोज सकाळी भातात उकडलेली तारली, आठवड्यातून दोन-तीनदा कोंबडीची कलेजी-पोटा, आणि केसांना चमक यावी म्हणून यीस्टच्या गोळ्या. दुसऱ्या बहुतेक जातींच्या कुत्र्याला हा आहार सहसा पचून गेला असता. डाल्मेशियनसाठी मात्र यातली भाताखेरीज प्रत्येक गोष्ट नेमकी चुकीची होती.

त्याचं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

प्रत्येक पेशीतल्या डीएनए-आरएनएमध्ये प्युरिन नावाचे घटक असतात. ज्या अन्नात पेशी दाटीवाटीने असतात, म्हणजे कलेजी, गुर्दे, पोटातल्या अवयवांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे, यीस्ट, त्यात प्युरिन खूप. शरीर प्युरिन मोडतं तेव्हा यूरिक अ‍ॅसिड तयार होतं. बहुतेक कुत्र्यांच्या यकृतात युरिकेज हे विकर त्याचं अ‍ॅलँटॉइन करतं. अ‍ॅलँटॉइन पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. माणसाकडे हे विकरच नाही, म्हणून आपल्याला गाउट होतो. डाल्मेशियनची गोष्ट वेगळी आहे. विकर त्याच्या यकृतात आहे आणि कामही करतं, पण यूरिक अ‍ॅसिड यकृताच्या पेशीत शिरतच नाही. गोदामात सगळी यंत्रं चालू आहेत आणि दार तेवढं बाहेरून बंद आहे, असा प्रकार. हे दार म्हणजे एसएलसी२ए९ या जनुकापासून बनणारं वाहक प्रथिन. मूत्रपिंडातही तेच प्रथिन यूरिक अ‍ॅसिड परत ओढून घेण्याचं काम करतं, तेही इथे होत नाही. परिणाम असा की इतर कुत्रा दिवसाला साधारण १० ते ६० मिलिग्रॅम यूरिक अ‍ॅसिड लघवीत टाकतो, तर डाल्मेशियन ४०० ते ६०० मिलिग्रॅम.

डाल्मेशियनच्या लघवीतलं हे वेगळेपण अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९१६ सालीच नोंदवलं होतं. १९३८ मध्ये ट्रिंबल आणि कीलर यांनी इतर जातींशी संकर करून दाखवलं की हा गुण साध्या अप्रभावी पद्धतीने वारशात येतो, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच दिसतो. पुढे यकृत प्रत्यारोपणाच्या प्रयोगांत दिसलं की डाल्मेशियनला दुसऱ्या कुत्र्याचं यकृत बसवलं की यूरिक अ‍ॅसिड उतरतं. नेमकं उत्परिवर्तन डॅनिका बॅनाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत शोधून २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे दोष माहीत होऊन शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत.

दोष सगळ्यांत असला तरी खडे सगळ्यांना होत नाहीत. मादीची मूत्रनळी आखूड आणि रुंद असते, तिच्यातून बारीक खडे निघून जातात. नराची नळी लांब आणि अरुंद, आणि लिंगातल्या हाडाजवळ ती आणखी आवळते, पसरायला तिथे जागाच नसते. तरीही कित्येक नर आयुष्यभर काही न होता जगतात. त्यामुळेच 'आमच्या आधीच्या डाल्मेशियनला तर कधी काही झालं नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकतो. काकांनीही ते पहिल्याच भेटीत म्हटलं.

अडचण कशी वाढत गेली

एप्रिलच्या शेवटी ब्रूनो वारंवार पाय वर करू लागला. थेंबथेंब लघवी, शेवटी थोडं रक्त. घरच्यांना वाटलं उन्हाळी लागली. धणे-जिऱ्याचं पाणी दिलं, भातात ताक वाढवलं. दोन दिवसांत फरक नाही म्हणून जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मूत्रमार्गाचा संसर्ग धरून अँटिबायोटिक आणि वेदनाशामक दिलं. आठवडाभर बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रे स्वच्छ आला. खडा नाही असं ठरलं आणि अँटिबायोटिक बदललं गेलं.

प्रकरणाचं पहिलं वळण हेच. कॅल्शियम असलेले खडे आणि स्ट्रुव्हाइटचे (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे) खडे एक्स-रेत ठळक दिसतात. युरेटचे, म्हणजे यूरिक अ‍ॅसिडपासून बनलेले खडे बहुतेकदा दिसत नाहीत, क्ष-किरण त्यांच्यातून जवळजवळ तसेच निघून जातात. त्यासाठी सोनोग्राफी लागते, किंवा मूत्राशयात हवा आणि कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य) भरून काढलेला एक्स-रे. त्या गावात जनावरांसाठी सोनोग्राफीची सोय नव्हती, आणि कुत्रा औषधाने सुधारतोय असं दिसत होतं. त्या परिस्थितीत एक्स-रेवर विश्वास ठेवणं मला समजतं. पण समोर उभा होता तो डाल्मेशियन नर. त्याच्या बाबतीत स्वच्छ एक्स-रेचा अर्थ फक्त एवढाच की एक्स-रेत दिसणारा खडा नाही. वेदनाशामकाने सूज उतरली, धार थोडी मोकळी झाली आणि ती सुधारणा अँटिबायोटिकच्या खात्यावर जमा झाली.

मे महिन्याच्या मध्यात एका संध्याकाळी लघवी थांबली. रात्रभर ब्रूनो अंगणात फिरत, कुंथत राहिला. काकूंना आधी वाटलं संडास अडली असावी. कुंथणाऱ्या कुत्र्याबद्दल बहुतेक घरांत हाच समज होतो. सकाळी त्याने उलटी केली आणि तो उठेना, तेव्हा त्याला गाडीत घालून आंबा घाटाने कोल्हापूरला आणलं. माझ्या टेबलावर पोचला तेव्हा लघवी बंद होऊन वीस तासांच्या आसपास झाले असावेत.

पहिले काही तास

पोट दाबलं तर मूत्राशय दगडासारखं हाताला लागत होतं. रक्तात क्रिएटिनिन चढलेलं आणि पोटॅशियम ७ च्या वर. लघवी अडलेला कुत्रा पहिल्यांदा दगावतो तो याच पोटॅशियममुळे, कारण त्याने हृदयाचे ठोके मंदावतात आणि बिघडतात. त्यामुळे खड्याकडे वळण्याआधी सलाइन, हृदयाला आधार म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, आणि ईसीजी लावून लक्ष. सुईने मूत्राशय हलकं केलं. ताण उतरला की भूल कमी लागते आणि पुढची नळी सोपी जाते.

मग कॅथेटर. लिंगातल्या हाडाच्या मागेच ते अडलं, वाळू घासल्यासारखं हाताला जाणवलं. तिथे जोर लावला तर नळी फाटते. बोटाने गुदमार्गातून मूत्रनळी दाबून धरायची, पुढून वंगण मिसळलेलं सलाइन दाबाने सोडायचं, नळी फुगली की बोट सोडायचं आणि खडे मागे मूत्राशयात ढकलायचे, ही जुनी पद्धत. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात खडे मागे गेले आणि कॅथेटर आत सरकलं.

सोनोग्राफीत मूत्राशयात बरेच छोटे खडे दिसले. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली घातली तर पिवळट-तपकिरी, काटेरी गोळ्यांसारखे अमोनियम युरेटचे स्फटिक. पण एक गोष्ट इथे नोंदवायला हवी: निरोगी डाल्मेशियनच्या लघवीतही हे स्फटिक सापडतात. नुसत्या स्फटिकांवरून खडा आहे असं म्हणता येत नाही. खडा सोनोग्राफीने ठरवला, स्फटिकांनी तो कशाचा असावा हे सुचवलं.

पर्याय

ब्रूनोची तब्येत दुसऱ्या सकाळपर्यंत सावरली. पोटॅशियम खाली आलं होतं. तेव्हा काका, काकू आणि मुलगी यांच्यासमोर मी तीन वाटा ठेवल्या.

पहिली, औषधाने खडे विरघळवणं. युरेटचे खडे विरघळू शकतात. प्युरिन कमी असलेला आहार, लघवी अल्कधर्मी ठेवणं आणि यूरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध अ‍ॅलोप्युरिनॉल, या तिघांच्या जोडीने. शस्त्रक्रिया टळते. पण यात आठवडे नव्हे तर महिने जातात, आणि खडा लहान होत जाताना पुन्हा नळीत अडकण्याचा धोका राहतो. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला मी हा पर्याय कदाचित पुढे केला असता. घाटापलीकडे, रात्री-अपरात्री मदत मिळायला तीन-चार तास लागणाऱ्या घरासाठी मला तो जोखमीचा वाटला.

दुसरी, मूत्राशय उघडून खडे काढणं. ते लगेच संपतात आणि तपासायला हातात मिळतात. दोष मात्र तसाच राहतो, म्हणजे पुन्हा होऊ शकतात.

तिसरी, त्याच भुलीखाली वृषण काढून तिथे मूत्रनळीला नवं, रुंद तोंड करून देणं. त्यानंतर होणारे बारीक खडे अरुंद भागापर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडतात. वारंवार अडणाऱ्या डाल्मेशियनसाठी ही फार उपयोगी शस्त्रक्रिया आहे. पण ती मोठी आहे, सुरुवातीचे दिवस रक्तस्राव होतो, आणि एकदा केली की मागे फिरता येत नाही.

इथे आमच्यात खरी चर्चा झाली. काकांचं म्हणणं होतं की जे करायचं ते एकदाच करून टाका. घाट पुन्हा चढायला नको. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. अंतर हीच या घराची सगळ्यात मोठी अडचण होती आणि मीही पहिला पर्याय त्याच कारणाने बाजूला ठेवला होता. माझा कल दुसऱ्याकडे होता. कारण ब्रूनोचा आजवरचा आहार इतका प्युरिनयुक्त होता की तो बदलला तर किती फरक पडतो हे पाहण्याची संधी त्याला मिळायला हवी होती. पहिलीच अडवणूक, वय साडेतीन, आणि आहार पाळू शकेल असं घर. मुलीने विचारलं, पुन्हा अडलं तर तिसरा पर्याय तेव्हा उपलब्ध असेल ना? असेल, म्हटल्यावर दुसऱ्यावर एकमत झालं.

शस्त्रक्रिया आणि तपासणी

मूत्राशयातून मोहरीपासून वाटाण्याएवढे, गुळगुळीत, हिरवट-तपकिरी खडे निघाले. शिवण्याआधी मूत्रनळी दोन्ही बाजूंनी धुतली, आणि नंतर कॉन्ट्रास्ट देऊन काही राहिलं नाही ना ते पाहिलं. साध्या एक्स-रेवर ही खात्री करता येत नाही, हे पुन्हा सांगतो. खडे माणसांच्या मुतखड्यांचं विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर अपेक्षेप्रमाणे अमोनियम युरेट.

एक तपासणी घरच्यांना अनावश्यक वाटली तरी मी आग्रहाने केली: जेवणाआधी आणि जेवणानंतरचे, यकृताचं काम दाखवणारे बाइल अ‍ॅसिड्स. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी असेल तरी युरेटचे खडे होतात. डाल्मेशियन म्हटल्यावर सगळं जातीवर ढकलून मोकळं होण्याचा मोह असतो. ब्रूनोचे आकडे सामान्य निघाले आणि तो प्रश्न मिटला.

'हे आमच्यामुळे झालं का?' असं मुलीने टाके काढायच्या दिवशी विचारलं. मी तिला सांगितलं की दोष जन्माचा आहे, आहाराने त्याला खतपाणी मिळालं, आणि या जातीला काय चालत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पिल्लू विकणाऱ्यानेही नाही आणि पहिली लस देताना आमच्यापैकी कुणीही नाही.

घरातलं ताट

खरं काम इथून सुरू झालं. तारली, मांदेली, कलेजी, पोटा, वजडी, यीस्टच्या गोळ्या बंद. मटण-चिकन क्वचित आणि थोडं, डाळी आणि मोडाची कडधान्यं बेताने. प्रथिनं मुख्यतः अंडी, पनीर आणि दही यांतून. अंड्यात आणि दुधाच्या पदार्थांत प्युरिन अगदी कमी असतं. माशाशिवाय कुत्रा अशक्त होईल असं वाटणाऱ्या काकूंना त्यामुळे धीर आला. सोबत भात, दुधी, लाल भोपळा, थोडं तेल. घरचं खाणं असल्याने खनिजं आणि जीवनसत्त्वांची पूरक पूड मोजून दिली, कारण नुसत्या भात-अंड्यावर कुत्र्याला महिनोन्महिने ठेवलं तर दुसरे आजार होतात. या खड्यांसाठी बनवलेलं तयार खाद्य बाजारात मिळतं आणि ते सोयीचं आहे. या कुटुंबाला रोजचा तो खर्च झेपणारा नव्हता.

आहाराइतकंच पाणी महत्त्वाचं. कोकणात पेज घरोघरी होते, तिचा इथे फार चांगला उपयोग झाला. प्रत्येक जेवण मऊ भात आणि भरपूर पाणी घातलेल्या पेजेसारखं करायचं, मीठ न घालता. लघवीची घनता १.०२० च्या खाली ठेवायची हे लक्ष्य. शस्त्रक्रियेच्या वेळी ती १.०४० च्या वर होती. सहा आठवड्यांनी १.०१६ झाली आणि पीएच ७ च्या आसपास आला. रात्री झोपण्यापूर्वी एकदा बाहेर न्यायचं, म्हणजे रात्रभर दाट लघवी साठून राहत नाही. हे काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं.

लघवीचा नमुना कसा आणायचा यावर एक सूचना द्यावी लागली. फ्रिजमध्ये ठेवून आणलेल्या नमुन्यात थंडाव्यानेच स्फटिक तयार होतात आणि निष्कर्ष फसवा येतो. म्हणून तपासणी रत्नागिरीतच, ताज्या नमुन्यावर, आणि अहवाल फोनवर मला. पहिल्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच हे काम आनंदाने घेतलं. आज या कुत्र्याची सगळी नियमित देखरेख तेच करतात.

मेटिंगचा प्रश्न

आजारापूर्वी काकांनी कोल्हापुरातल्या एका परिचितांना शब्द दिला होता की त्यांच्या मादीसाठी ब्रूनो देऊ. बरा झाल्यावर दोघेही मला विचारायला आले. मादीच्या मालकांचा प्रश्न सरळ होता: ब्रूनोची लाइन खराब असेल तर दुसरा चांगल्या लाइनचा नर बघतो.

याचं उत्तर द्यायला मला अवघड गेलं, कारण ते त्यांना नको असलेलं होतं. शुद्ध डाल्मेशियन नर आणि शुद्ध डाल्मेशियन मादी, दोघांकडेही सदोष जनुकाच्या दोन्ही प्रती. मग पिल्लांपैकी प्रत्येकाकडे दोन्ही प्रती. नर बदलून यात काहीही बदलत नाही. खडा न झालेला नर निवडला तरी पिल्लांच्या लघवीत यूरिक अ‍ॅसिड तेवढंच. हा दोष निवडीने काढता येत नाही, कारण निवडायला निर्दोष जनुक जातीत उरलेलंच नव्हतं.

ते परत आणायची वाट मात्र सापडली होती. १९७३ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी एकदाच संकर केला. दोन्ही जातींची ठेवण जवळची. त्यानंतर प्रत्येक पिढीत परत शुद्ध डाल्मेशियनशीच जोडी लावली, आणि लघवी तपासून कमी यूरिक अ‍ॅसिडची पिल्लं तेवढी पुढे ठेवली. निर्दोष जनुक प्रभावी असल्याने त्याची एक प्रतही पुरते. प्रत्येक पिढीत पॉइंटरचा वाटा निम्मा होत जातो, दहा पिढ्यांनी तो दोन हजारांत एका भागाइतकाही राहत नाही. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंदणी केली. जातीच्या क्लबातल्या सभासदांनी विरोध केला, पुढच्या पिल्लांची नोंदणी थांबली, आणि दार पुन्हा उघडायला २०११ उजाडावं लागलं. ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याआधी, २०१० मध्ये, असा एक कुत्रा नोंदवून घेतला होता.

या मधल्या तीस वर्षांबद्दल मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. ठिपके थोडे लहान येतात, वंश अशुद्ध होतो, अशा आक्षेपांपायी कितीतरी नर कुत्री अडलेल्या लघवीने तळमळली. शुद्धतेचा कागद जपण्यासाठी त्या जातीच्या जनावरांनी सोसत राहायचं, हे मला पटत नाही.

मादीच्या मालकांसमोर परदेशातून कमी यूरिक अ‍ॅसिडच्या नराचं वीर्य मागवण्याचा पर्याय तात्त्विकदृष्ट्या होता. त्यातही नराकडे निर्दोष जनुकाची एकच प्रत असेल तर साधारण निम्मीच पिल्लं निर्दोष निघतात, आणि ती कोणती हे गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याच्या डीएनए तपासणीने कळतं. परवानग्या आणि खर्च पाहून त्यांनी तो सोडला. मी सुचवलं की मेटिंग करूच नका. ते त्यांनी मानलं नाही, दुसरा नर शोधला आणि पिल्लं झाली. पण एक गोष्ट त्यांनी केली: प्रत्येक पिल्लाबरोबर आहाराचा मराठी तक्ता दिला, आणि नर पिल्लू घेणाऱ्यांना लघवीच्या लक्षणांबद्दल समोर बसवून सांगितलं. मला हवं होतं ते हे नव्हे, पण त्या पिल्लांच्या घरांना ब्रूनोच्या घराला नव्हती ती माहिती पहिल्या दिवशी मिळाली.

ब्रूनोला प्रजननासाठी न वापरण्याचं काकांनी स्वतःहून ठरवलं.

पुन्हा खडे

सव्वा वर्ष बरं गेलं. मग आखाडात, गटारीच्या आसपास, घरी पाहुण्यांची गर्दी होती. दोन-तीन दिवस ब्रूनोला ताटाताटातून मटण, कलेजी मिळत राहिली. त्यानंतर महिन्याभरात धार बारीक झाली. या वेळी कुणी वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी तो कोल्हापुरात होता. नळी पूर्ण अडलेली नव्हती, मूत्राशयात बारीक खडे होते आणि भूल देऊन पाण्याच्या जोराने ते बाहेर काढता आले. पोट उघडावं लागलं नाही. सगळा दोष त्या दोन-तीन दिवसांवर टाकणं बरोबर नाही. खडे त्याआधीपासून हळूहळू तयार होत असणार, कारण मधल्या सहा महिन्यांत सोनोग्राफी झाली नव्हती.

येण्यापूर्वी काकांनी फोनवर एक प्रश्न विचारला, आणि त्यांनी विचारला हे फार बरं झालं. आजोबांना यूरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू आहे. तीच गोळी ब्रूनोला देऊ का? मी थांबवलं. हे औषध प्युरिन मोडण्याची साखळी मधेच अडवतं, त्यामुळे यूरिक अ‍ॅसिड कमी होतं पण आधीच्या पायरीवरचं झँथिन साठतं. झँथिन पाण्यात आणखी कमी विरघळतं. कलेजी खाल्लेल्या कुत्र्याला ही गोळी दिली तर युरेटऐवजी झँथिनचे खडे होतात. आणि ते काढायला औषध नाही.

खडे काढल्यावर, आहार पुन्हा काटेकोर झाल्याची खात्री करून, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून मी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलं. लघवीतल्या स्फटिकांवर लक्ष ठेवून मात्रा दोनदा कमी केली.

सध्याची स्थिती

ब्रूनो आता सहा वर्षांचा आहे. दर तीन महिन्यांनी ताजी लघवी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मधल्या काळात खडे दिसलेले नाहीत. वजन स्थिर, रक्त तपासण्या ठीक.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा होता. त्याला मोठं यंत्र लागत नाही. आणि डाल्मेशियन नराला रक्ताळलेली लघवी असेल तर एक्स-रे स्वच्छ आला तरी सोनोग्राफीसाठी पाठवणं, हा नियमच असावा. जनावरांची सोय नसेल तर ओळखीच्या सोनोग्राफी केंद्रात वेळ मागून पाहायला हरकत नसते. लहान गावांत असे डॉक्टर मदत करतात, हा माझा अनुभव आहे.

घरच्यांनी कुंथणं म्हणजे बद्धकोष्ठ समजून रात्र काढली. नर कुत्रा कुंथतो आहे आणि लघवीचा ओला डाग कुठेच नाही, एवढं बघितलं असतं तर आठ-दहा तास वाचले असते.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी नवीन तोंड करून द्यायला हवं होतं का, यावर माझे दोन सहकारी माझ्याशी असहमत आहेत. अंतराचा विचार करता काकांचंच बरोबर होतं, असं त्यांचं म्हणणं. मला अजूनही आधी आहाराला संधी देणं योग्य वाटतं, पण त्यासोबत सोनोग्राफीची तारीख पक्की बांधायला हवी होती, हे त्यांचं मला मान्य आहे. आता ती बांधलेली आहे.

तिसऱ्यांदा खडे दिसले तर काय, हेही ठरलं आहे. वाट न पाहता मूत्रनळीला नवं तोंड आणि त्याच वेळी नसबंदी. काका-काकूंनी संमती आधीच देऊन ठेवली आहे, कागद फाइलमध्ये आहे, आणि अडवणुकीच्या रात्री घाट चढण्याआधी मूत्राशय सुईने हलकं करायचं काम रत्नागिरीचे डॉक्टर करणार आहेत.